परसातला शिक्रा आणि त्याचे शेजारी : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात परसबागेतल्या पक्ष्यांविषयी प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांत बुलबुल-दयाळांपेक्षा त्यांना खाणाऱ्यांचीच चौकशी जास्त निघाली. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत. उत्तरे गोव्यातली घरे, भाटे (माडांच्या बागा) आणि कुळागरे (पोफळीच्या बागा) डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत.

प्रश्न : घरामागच्या फणसावर करड्या पाठीचा, कबुतराएवढा पक्षी येऊन बसतो. मध्येच खाली सूर मारून सरडा उचलतो. घरात कोणी त्याला घार म्हणतात, कोणी ससाणा. नक्की कोण? (एक वाचक, फोंडा)

उत्तर : वर्णन शिक्र्याचे आहे. गोव्यात घराच्या आवारात शिरून दिवसाढवळ्या शिकार करणारा पक्षी बहुतेक वेळा हाच असतो. नराची पाठ निळसर राखाडी, छातीवर तांबूस रंगाच्या बारीक आडव्या रेघा आणि डोळा लाल. मादी नरापेक्षा मोठी, पाठीला तपकिरी छटा, डोळा पिवळा ते नारिंगी. पहिल्या वर्षाचे पिल्लू मात्र वेगळेच दिसते : पाठ तपकिरी आणि छातीवर आडव्या रेघांऐवजी उभे ठिपके. त्यामुळे एकाच घरट्यातले तीन पक्षी पाहून तीन जाती मोजणारे लोक भेटतात.

रंगापेक्षा बांधा आणि उडणे पाहा. पंख आखूड व टोकाला गोल, शेपटी लांब. फांद्यांच्या गर्दीतून वळणे घेत जायला हीच ठेवण लागते. चार-पाच वेळा भरभर पंख मारायचे आणि मग थोडे तरंगायचे, अशी त्याची चाल. ससाण्याचे पंख लांब आणि टोकदार असतात, त्याला मोकळे आकाश लागते; तो फणसाच्या आत येऊन बसणार नाही. घार तर आकारानेच मोठी. साध्या घारीची शेपटी टोकाला दुभंगलेली आणि ब्राह्मणी घारीची गोलसर, हा फरक लक्षात ठेवा. ब्राह्मणी घारीचे डोके-छाती पांढरी व अंग विटकरी असे ओळखायला सोपे असते, पण तिचे पिल्लू सगळे तपकिरी असते आणि तिथे शेपटीच उपयोगी पडते.

खरा फसवणारा पक्षी म्हणजे पावशा. तोही कबुतराएवढा, करडा, पट्टेरी शेपटीचा, आणि उडतो तर हुबेहूब शिक्र्यासारखा. लहान पाखरेही त्याला बघून ओरडा करतात, म्हणजे फसणाऱ्यांत आपण एकटे नाही. त्याची चोच पाहा : सरळसर, टोकाला किंचित वाकलेली, आकडीसारखी नाही. डोळ्याभोवती पिवळे कडे असते. पायांना नख्यांची पकड नसते. दोन बोटे पुढे, दोन मागे. फांदीवर उतरल्यावर शेपटी डावी-उजवीकडे हलवायची खोडही त्याला असते.

सत्तरी, सांगे, काणकोणच्या रानालगत घर असेल तर आणखी दोन शक्यता ध्यानात ठेवा. बेसरा शिक्र्यासारखाच, पण पाठ गडद आणि गळ्याच्या मध्यावर ठळक काळी उभी रेघ. शिक्र्यात ही रेघ पुसट असते. तुरेवाला शिक्रा अंगाने भरदार, डोक्यामागे लहानसा तुरा आणि उडताना शेपटीच्या बुडाशी पांढरी फुगीर पिसे दिसतात.

प्रश्न : शिक्र्याची ‘टी-टुई, टी-टुई’ हाक रोज सकाळी येते, पण पक्षी कधीच दिसत नाही. (एक वाचक, म्हापसा)

उत्तर : आधी कोतवाल शोधा. कोतवाल आणि विशेषतः रानालगतचा भृंगराज शिक्र्याची नक्कल इतकी चांगली करतात की जाणकारही मान वळवतात. अस्सल शिक्रा दोन सुरांची हाक काही वेळ तशीच देत राहतो. नकलाकार मध्येच दुसऱ्याच पक्ष्याचा आवाज काढतो आणि पितळ उघडे पडते. एप्रिल-मे महिन्यांत हाक सतत एकाच झाडावरून येत असेल, तर मात्र घरटे जवळ असण्याचा संभव आहे.

प्रश्न : शिक्रा परसात येतो हे नक्की, कारण पिसे सापडतात. पण शिकार प्रत्यक्ष पाहायला एकदाही मिळाली नाही. कुठे, केव्हा आणि कसे बसावे? (दोन वाचक, डिचोली आणि मडगाव)

उत्तर : शिक्र्याला शोधत बसाल तर तो दिसायच्या आत काम उरकून जाईल. ज्यांना तो खातो त्यांच्याकडे लक्ष ठेवा.

पाखरांच्या इशाऱ्याचे दोन प्रकार असतात आणि ते वेगळे ओळखता आले की अर्धे काम झाले. शिक्रा फांदीवर बसलेला असेल तर बुलबुल, दयाळ, शिंपी, सातभाई कर्कश, तुटक आवाजात ओरडत त्याच्या आजूबाजूला जमतात. हा आवाज कुठून येतो ते सहज कळते, कारण शेजाऱ्यांना तिथे बोलवायचेच असते. शिक्रा उडत येत असेल तर उलट घडते. एक बारीक, उंच, लांबट शीळ येते, तिची दिशा कानाला सांगता येत नाही, आणि दुसऱ्या क्षणी अंगणात एक पाखरू उरत नाही. मग काही मिनिटे पूर्ण शांतता. या शांततेत लोक ‘गेला वाटते’ म्हणून उठतात. खरे तर तेव्हाच बसून राहायचे असते, कारण तो बहुधा जवळच उतरलेला असतो.

खार अधिक चांगली खबर देते. शेपटी झटकत एकाच ठेक्यात ती ‘चिक् चिक्’ करत राहते. तिचे तोंड खाली वळलेले असेल तर मांजर किंवा साप. वर किंवा समोरच्या झाडाकडे असेल तर शिक्रा. ओरडणारे दोन पक्षी किंवा एक पक्षी आणि एक खार निवडा, दोघांच्या तोंडांच्या दिशा मनात पुढे वाढवा. त्या जिथे एकमेकींना छेदतात तिथे पानांच्या आत नजर फिरवा. उघड्या शेंड्यावर शोधू नका. शिक्रा आंबा, फणस, चिंच अशा दाट झाडाच्या मधल्या भागात, साधारण चार ते आठ मीटर उंचीवर, आडव्या फांदीवर सावलीत बसतो, आणि त्याच्या पुढची जमीन मोकळी असते. माडावर तो थांबतो, पण दबा धरायला ती जागा त्याला फारशी सोयीची नाही. एका फांदीवर काही मिनिटे, मग दुसरी, अशी त्याची फेरी असते. एकदा त्याच्या दोन-तीन आवडत्या फांद्या सापडल्या की पुढचे सोपे.

वेळ सूर्योदयानंतरचे दोन तास आणि संध्याकाळचा शेवटचा तास-दीड तास. सरडे ऊन खायला बाहेर येतात तेव्हा, म्हणजे आठ-साडेआठच्या सुमारास, सरड्यांवरच्या झेपा जास्त दिसतात. भर दुपारी तो सावलीत गप्प असतो.

बसायची जागा घराच्या आतली घ्या. खिडकीच्या तावदानापासून दोन हात मागे, खोलीतला दिवा बंद. बाल्कांवावर, म्हणजे घरापुढच्या बसायच्या ओट्यावर, बसायचे तर खांबाच्या आड, गडद कपडे घालून, खुर्ची न हलवता. फांदीपासून पंधरा-वीस मीटर अंतर पुरे. जागा आणि वेळ आठवडाभर बदलू नका. रोज नव्या कोपऱ्यातून डोकावणारा माणूस त्याला जास्त धोक्याचा वाटतो.

वाट पाहताना दुर्बीण डोळ्यांना लावून बसणे ही नेहमीची चूक. झेप दोन-तीन सेकंदांत संपते. तो फांदीवरून पंख मिटून खाली सुटतो, जमिनीपासून हातभर उंचीवरून कुंपणाच्या किंवा झुडपाच्या आडोशाने येतो आणि शेवटच्या क्षणी पाय पुढे फेकतो. दुर्बिणीच्या गोलात यातले काही मावत नाही. झेप उघड्या डोळ्यांनी पाहा, दुर्बीण त्यानंतर उचला.

आणि बहुतेक झेपा फुकट जातात, हे आधीच मान्य करून बसा. शिकार मिळाली तर शिक्रा ती नख्यांच्या पकडीत आवळून मारतो. ससाण्यासारखा मानेचा चावा घेत नाही. म्हणून त्याला वेळ लागतो आणि पाहणाऱ्याला ते कठीण जाते. पंख आणि शेपटी पसरून तो भक्ष्य झाकतो, मग सावलीत ओढतो आणि पिसे उपटायला लागतो. या वेळी धावत जाऊन पाखरू ‘सोडवू’ नका. नख्या आत गेलेले पाखरू क्वचितच जगते, आणि उपाशी शिक्रा तासाभरात दुसरे धरतो. घरट्यात पिल्ले असतील तर त्यांचाही घास गेला.

हंगामाचे गणित असे : शिक्रा साधारण मार्च ते जून या काळात घरटे करतो, काड्यांचे विस्कळीत, अंडी तीन-चार, उबवणी १८ ते २१ दिवस. त्यामुळे एप्रिल-मेमध्ये नराच्या शिकारीच्या फेऱ्या वाढतात. याच दिवसांत सरड्यांचे नर गळा लाल करून उघड्यावर मिरवत असतात, म्हणजे शिक्र्याचे काम सोपे. मेअखेर ते जुलैपर्यंत नुकती उडू लागलेली पिल्ले परसात दिसतात. ती अनाडी आणि आरडाओरडा करणारी असतात, टोळ आणि बेडकांवरही झेप घालतात, चारदा चुकतात आणि माणसाला फारशी बुजत नाहीत. आमच्या मते नवशिक्याने पाहायला सुरुवात याच दिवसांत करावी. पहिल्या पावसानंतर वाळवीचे पंखवाले किडे उठतात तेव्हा तर कोतवालापासून घारीपर्यंत सगळे एकाच पंगतीला येतात.

वहीत पाच गोष्टी नोंदवा : वेळ, कोणत्या झाडावरून झेप, कोणावर, मिळाले की नाही, ऊन-पाऊस. एका हंगामात तुमच्या परसाचा नकाशा तयार होतो.

एक इशारा. शिक्रा जवळ यावा म्हणून मोबाइलवर त्याची हाक वाजवू नका, घरट्याच्या दिवसांत तर मुळीच नको; तो घुसखोर शोधण्यात दिवस घालवतो. कोंबडीचे पिल्लू किंवा कबुतर बांधून ठेवण्याची कल्पना एका पत्रात आहे. दुसऱ्या प्राण्याचे भक्ष्य व्हावे म्हणून एखादा प्राणी बांधून ठेवणे प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे. तो विषय तिथेच संपतो.

प्रश्न : दुर्बीण कोणती घ्यावी? (एक वाचक, वास्को)

उत्तर : ८ × ४२ (आठ पट मोठे दाखवणारी, पुढचे भिंग ४२ मिलिमीटर) किंवा हलकी हवी असेल तर ८ × ३२. १० पटीची परसात नको; हात थरथरतो आणि दृश्य अरुंद होते. दोन-तीन मीटरवरचेही स्पष्ट दिसते का, ते दुकानातच पाहून घ्या. गोव्याच्या पावसाळ्यात काचेला बुरशी धरते. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा आणि निळे दाणे गुलाबी झाले की तापवून कोरडे करून पुन्हा वापरा. चामड्याच्या पिशवीत ठेवून कपाटात बंद केलेली दुर्बीण चवथीपर्यंत आंधळी होते.

प्रश्न : पाखरांसाठी दाणे आणि पाणी ठेवतो. आता शिक्रा तिथून मनोली आणि बुलबुल उचलतो. आपणच त्यांना मरणाच्या दारी आणतो असे वाटते. बंद करावे का? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : पाणी ठेवा, दाण्यांचा फेरविचार करा. एकाच जागी, एकाच वेळी, उघड्यावर तीस पाखरे जमवली की शिक्र्याला तीच वेळ पाठ होते. तो रोज येऊ लागला असेल तर दोन आठवडे दाणे पूर्ण बंद करा. पाखरे पांगतात आणि तोही फेरी बदलतो. नंतर थोडे थोडे आणि दोन-तीन ठिकाणी टाका.

जागा अशी निवडा की दाट, काटेरी आडोसा अडीच-तीन मीटरवर असेल : बोगनवेल, लिंबू, मेंदीचे कुंपण. त्याहून दूर असेल तर पाखरू पोचेपर्यंत शिक्रा गाठतो. त्याहून जवळ असेल तर त्याच झुडपात मांजर दबा धरते. परसात शिक्रा आणि मांजर दोन्ही असतील तर आधी मांजराची चिंता करा. शिक्रा पोट भरले की थांबतो, घरचे पोसलेले मांजर थांबत नाही. दाण्याची थाळी जमिनीवर न ठेवता दीड मीटर उंचीवर टांगा.

पाण्याचे भांडे उथळ, कडेला बोटाच्या रुंदीइतके आणि मध्ये फार तर पाच सेंटीमीटर खोल, तळ खडबडीत. पाणी रोज बदला, नाही जमले तर एक दिवसाआड. त्याहून जास्त राहिले तर डासांच्या अळ्या होतात. उन्हाळ्यात शिक्रा स्वतःही आंघोळीला येतो, आणि शांत बसलेला शिक्रा मनसोक्त पाहायची ती सर्वांत चांगली संधी.

याच पत्रात खिडकीच्या काचेवर पाखरे आपटतात असेही लिहिले आहे. शिक्रा मागे लागला की घाबरलेले पाखरू काचेत दिसणाऱ्या झाडाकडे धावते. काचेवर ससाण्याच्या आकाराचे एकच काळे चित्र चिकटवून उपयोग होत नाही. पाखरे त्याच्या शेजारून जाऊन आपटतात. काचेच्या बाहेरच्या बाजूने पाच-पाच सेंटीमीटर अंतरावर ठिपके किंवा पट्ट्या लावा, म्हणजे आरपार जायला वाट दिसत नाही. थाळी काचेपासून एक मीटरच्या आत किंवा दहा मीटरच्या बाहेर हवी. आत असेल तर वेग धरायला वाव नाही, बाहेर असेल तर वळायला वेळ मिळतो. मधले अंतर सर्वांत घातक.

आणि खरे सांगायचे तर दाण्यांपेक्षा झाडे लावणे बरे. कढीपत्त्याची पिकलेली काळी फळे, शेवग्याची फुले, हॅमेलिया, जास्वंद. खाणे परसभर विखुरलेले असले की पाखरेही विखुरतात.

प्रश्न : सकाळी गवतावर पिसांचा सडा. कोणी मारले ते कसे कळणार? (एक वाचक, पर्वरी)

उत्तर : पिसांचे देठ पाहा. शिक्रा पिसे एकेक करून उपटतो, त्यामुळे देठ अखंड असतात, क्वचित त्यांवर चोचीची खूण. पिसे एका ओंडक्याभोवती किंवा फांदीखाली गोलात पडलेली असतात. मांजर, मुंगूस दाताने तोडतात : देठ चावलेले, मोडलेले, पिसांचे झुबके लाळेने चिकटलेले. शिक्रा खाऊन गेला असेल तर पुष्कळदा दोन्ही पंख खांद्याच्या हाडांना जोडलेलेच उरतात आणि छातीच्या हाडाच्या कडेला चोचीचे खाचे दिसतात. कावळे किंवा घार नंतर येऊन उरलेले नेतात, तेव्हा उशिरा पाहिलेत तर पुरावा गेला.

विष्ठाही बोलते. शिक्रा मागे पिचकारी सोडतो, पांढरा पट्टा लांबवर जातो. घुबडाची सरळ खाली पडते, चुन्याच्या ठिपक्यासारखी. जुन्या घराच्या माळ्याखाली असे ठिपके आणि काळपट, अंगठ्याएवढ्या गोळ्या सापडल्या तर वर गव्हाणी घुबड आहे. गोळीत न पचलेले केस आणि हाडे असतात. हातमोजे आणि मास्क घालून ती तासभर कोमट पाण्यात भिजवा आणि चिमट्याने सोडवा. उंदीर आणि चिचुंदरीच्या कवट्या पूर्ण मिळतात, कारण घुबडाच्या पोटात हाडे विरघळत नाहीत. शिक्र्याच्या गोळीत हाडे जवळजवळ नसतात, पिसे-केसच असतात. पिंगळ्याच्या गोळीत भुंग्यांच्या कडक पंखांचे चमकदार तुकडे भरपूर.

प्रश्न : कोंबडीची पिल्ले घार उचलते. गेल्या महिन्यात तर मोठी कोंबडी गेली. (एक वाचक, काणकोण)

उत्तर : पिल्ले उचलणारी साधी घार, ब्राह्मणी घार किंवा शिक्रा असू शकतो. मोठी कोंबडी त्यांच्या आवाक्यातली नाही. तुमच्या भागात मोरघारीचा संशय घ्यावा लागेल : मोठा, डोक्यावर लांब उभी शेंडी असलेला, रानाच्या कडेला झाडाच्या आत लपून बसणारा गरुड. पण कोंबडी रात्री गेली असेल तर तो बहुधा पक्षी नव्हे. उदमांजर, रानमांजर किंवा बिबट्याचा विचार करा.

पिल्ले सहा-आठ आठवड्यांची होईपर्यंत छताच्या खुराड्यात ठेवा. जाळीची भोके अडीच सेंटीमीटरपेक्षा मोठी नकोत. मोकळे सोडायचे तर आवाराच्या वर दोन मीटर उंचीवर नायलॉनचा दोरा उभा-आडवा, अर्ध्या मीटरच्या अंतराने ओढा. वरून सूर मारणाऱ्या घारीला त्यातून उतरता येत नाही. शिक्रा मात्र बाजूने येतो, त्याला दोरा अडवत नाही. त्याच्यासाठी आवारात केळीची झाडे, झुडपे किंवा उलटी टोपली, असा आडोसा हवा. बुजगावणे, चकचकीत फिती, जुन्या सीडी चार-आठ दिवस चालतात, मग घार त्यांच्यावरच येऊन बसते. आतडी-कातडी उघड्यावर टाकणे बंद करा. घारीला आवाराची सवय तिथूनच लागते.

फासा, गलोल, विष यांचा विचार करू नका. शिकारी पक्ष्यांना वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ चे संरक्षण आहे. मारणे, पकडणे, पाळणे, अंडी किंवा घरटे काढणे हे सगळे गुन्ह्यात मोडते.

प्रश्न : माडांवर उंदरांचा उपद्रव आहे. कोवळे नारळ पोखरून खाली पडतात. औषध ठेवले तर घुबडांना धोका आहे का? (एक वाचक, पेडणे)

उत्तर : आहे, आणि मोठा आहे. बाजारात मिळणाऱ्या ब्रोमाडिओलोनच्या वड्यांनी उंदीर लगेच मरत नाही. रक्त गोठायचे थांबते आणि तो तीन ते सात दिवसांत मरतो. मधल्या दिवसांत तो मंद होतो, उघड्यावर हिंडतो आणि नेमका असाच उंदीर घुबड, घार, पिंगळा पकडतात. विष त्याच्या यकृतात साठलेले असते, ते खाणाऱ्याच्या पोटात जाते. म्हणजे उंदीर खाणारा फुकटचा कामगार आपणच मारतो आणि पुढच्या वर्षी उंदीर वाढलेले असतात.

माडांसाठी पत्रा हा जुना आणि खात्रीचा उपाय. ४० सेंटीमीटर रुंदीचा गुळगुळीत जस्ती पत्रा जमिनीपासून दोन मीटर उंचीवर बुंध्याभोवती घट्ट गुंडाळा, खिळ्यांऐवजी तारेने बांधा. त्यावरून उंदराची नखे घसरतात. बहुतेकांचा उपाय फसतो तो दोन कारणांनी. एक, शेजारच्या झाडाची फांदी किंवा दुसऱ्या माडाची चुडते टेकलेली असतात आणि उंदीर वरच्या वाटेने येतो; दाट भाटात पत्र्याचा उपयोग म्हणूनच कमी. दुसरे, पत्रा लावताना उंदीर वर शेंड्यातच असतो. आधी शेंडा साफ करून घ्या. पाडेली नारळ काढायला चढतो त्याच दिवशी हे काम उरका. घरात आणि मांगरात (बागेतल्या खोपटात) सापळे लावा, पण पेटीत, म्हणजे पिंगळा किंवा भारद्वाज त्यात अडकत नाही. चिकट गोंदाचे फलक तर नकोच.

वड्या आधीच ठेवल्या असतील तर उरलेल्या आज गोळा करा आणि पुढचे दोन आठवडे रोज फिरून मेलेले उंदीर हातभर खोल पुरा.

प्रश्न : ब्राह्मणी घारीने माडावर घरटे केले आहे. पाडेली चढायला नको म्हणतो. (एक वाचक, बाणावली)

उत्तर : त्याचे बरोबर आहे, घारी अंगावर येतात. ब्राह्मणी घारीचा विणीचा हंगाम आपल्याकडे डिसेंबर ते एप्रिल. उबवणीला २६-२७ दिवस, त्यापुढे पिल्ले उडेपर्यंत आणखी दीड-दोन महिने. तो एक माड सुमारे तीन महिने सोडा, बाकीचे उतरवा. वाळलेली चुडते आणि नारळ खाली पडतील, म्हणून माडाखाली गाडी आणि पोरे नकोत, इतकेच. त्या बदल्यात घारीची मासळीची ने-आण बाल्कांवावरून दिसेल. खाडी किंवा समुद्र जवळ असेल तर पाचरीच्या आकाराची शेपटी आणि इंग्रजी व्ही अक्षरासारखे उचललेले पंख असलेला समुद्री गरुडही वरून जाताना शोधा.

प्रश्न : पिंगळा रात्री ओरडतो, घरातली वडीलमंडळी अशुभ मानतात. (एक वाचक, साखळी)

उत्तर : पिंगळ्यांची जोडी हद्द राखण्यासाठी ओरडते, घरातल्या माणसांशी तिचा संबंध नाही. दिव्याखाली येणारे किडे आणि उंदरांची पिल्ले हे तिचे अन्न. अंगणातला दिवा रात्रभर न ठेवता संध्याकाळचे दोन तासच लावा. पिंगळा तारेवरून खाली उतरून किडे कसा टिपतो ते तेवढ्यात दिसते.

प्रश्न : काचेवर आपटून शिक्रा खाली पडला आहे, उडत नाही. काय करावे? (एक वाचक, वाळपई)

उत्तर : जाड टॉवेल वरून टाकून डोके झाका आणि मागच्या बाजूने दोन्ही हातांनी पंख मिटवून उचला. भीती चोचीची नव्हे, नख्यांची. पाय स्वतःच्या अंगापासून दूर ठेवा. नखी रुतलीच तर ओढू नका, पाय सरळ केला की पकड सुटते. भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, तळाला कापड घालून, अंधारात आणि शांत जागी ठेवा. खाणे नको. पाणी चोचीत तर अजिबात घालू नका, ते श्वासनलिकेत जाते. दूध, भात, कोंबडीचे तुकडे, हळद, यांतले काहीच नको, आणि दर पाच मिनिटांनी झाकण उघडून फोटोही नको.

एक-दोन तासांनी खोके बाहेर मोकळ्यावर नेऊन झाकण उघडा. नुसता धक्का बसला असेल तर तो निघून जातो. पंख लोंबत असेल, रक्त असेल, डोळा अर्धा मिटलेला असेल किंवा तो उडाला नाही, तर त्याच खोक्यात जवळच्या परिक्षेत्र वन कार्यालयात पोचवा. हेतू चांगला असला तरी घरी ठेवून बरे करणे कायद्यात बसत नाही, आणि चुकीच्या खाण्यावर वाढवलेला शिक्रा पुन्हा शिकार करू शकत नाही. पिंगळ्याचे पिसे फुटलेले पिल्लू झाडाखाली सापडले तर मात्र उचलून आणू नका. मांजर पोचणार नाही अशा फांदीवर ठेवा आणि दूर जा. आई-बाप अंधार पडल्यावर तिथेच खाऊ घालतात.